किचन सिंकमध्ये काय चालतं आणि काय अजिबात चालत नाही?

मृद्गंधा
नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होते, पहिलाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

विषय किरकोळ वाटेल पण आमच्या घरात यावरून शीतयुद्ध चालू आहे. माझ्या माहेरी सिंक म्हणजे भांडी, भाजी, डाळ-तांदूळ धुवायची जागा, बास. जेवून उठलं की हात बेसिनवर. औषध घेऊन कुणी सिंकमध्ये चूळ टाकली तरी आईचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. सासरी बरोब्बर उलटं. सासू-सासरे सध्या आमच्याकडे राहायला आलेत (पुणे, २ बीएचके). सकाळी चहा उकळता उकळता दात घासणं सिंकमध्ये, सर्दी झाली की नाक शिंकरणं सिंकमध्ये, सासऱ्यांची कवळी रात्री सिंकच्या कडेला वाटीत आणि वाटी कुठली तर आमटीची. नवऱ्याला यात काही वावगं दिसत नाही कारण तो तसाच वाढलाय.

आणि परवा कहर झाला. नणंदेचं दीड वर्षाचं पिल्लू आलं होतं, त्याने शी केली आणि सासूबाईंनी त्याला उचलून सिंकमध्येच धुतलं! खाली कुकरचा डबा होता हो. मी तेव्हा काही बोलले नाही पण सगळे झोपल्यावर अख्खं सिंक उकळत्या पाण्याने घासून काढलं, तर सकाळी ऐकवलं गेलं की आमची पोरं अशीच मोठी झाली, कुणाला काही झालं नाही.

तुमच्याकडे सिंकमध्ये काय काय चालतं? मी अति करतेय का? खरं सांगा, दोन्ही बाजूंनी ऐकायची तयारी आहे.

टवाळखोर
पहिला! पॉपकॉर्न घेऊन बसलोय. वाटी सिंकमध्ये ठेवणार नाही, शपथ.

रेवाकाठ
शी??? नाही नाही नाही. बाकी एकवेळ सगळं डोळ्याआड करता येईल पण हे नाही. तू अजिबात अति करत नाहीयेस. मी तो कुकरचा डबा भंगारात घातला असता.

जुनाजाणता
भंगारात कशाला? स्टीलचा डबा आहे, साबणाने घासला, कुकरमध्ये शिटी झाली की विषय संपला. कुकरच्या आतल्या वाफेपुढे कुठले जंतू टिकणार. माणसं उगाच भांड्यांवर राग काढतात.

रेवाकाठ
@जुनाजाणता, तुम्ही त्या डब्यातला वरणभात खाल का मग?

जुनाजाणता
खाईन. वर तूप असेल तर दोनदा घेईन.

गिरणगावकर
मी लालबागला चाळीत वाढलो. दहा बाय बाराची खोली, कोपऱ्यात वीतभर कठड्याची मोरी. पहाटे पाणी यायचं तेव्हा त्याच मोरीत उभं राहून पिंप भरायचं, मग तिथेच पडदा ओढून एकेकाच्या आंघोळी, तिथेच दात घासणं, तिथेच भांडी, तिथेच कपडे, रविवारी तिथेच बोंबील. लहान पोरांची शी पण तिथेच आणि रात्री-अपरात्री म्हातारी माणसं गॅलरीच्या टोकाला संडासात जाऊ शकायची नाहीत तेव्हा ती पण तिथेच. सिंक नावाची वस्तू मी मित्राच्या ब्लॉकमध्ये पहिल्यांदा पाहिली.

पण याचा अर्थ घाण चालायची असा नाही हां. आई आंघोळी आटपल्या की मोरी खराट्याने घासायची, बादलीभर पाणी मारायची, त्याशिवाय एक चमचा त्या फरशीला टेकू द्यायची नाही. घासलेली भांडी फरशीवर कधीच नाहीत, उपडी परातीत, तिथून फळीवर. तांदूळ धुवायचे ते पातेल्यातल्या पातेल्यात, मोरीवर फक्त पाणी ओतायचं. मासे सगळ्यात शेवटी आणि मग पुन्हा खराटा. एवढ्याशा जागेत सात-आठ माणसं राहायची तेव्हा कशानंतर काय हे घड्याळासारखं ठरलेलं असायचं. मृद्गंधाताई, तुमच्या सासूबाई बहुतेक अशाच कुठल्या तरी मोरीत वाढलेल्या असणार. त्यांना सिंक म्हणजे उंचावर बसवलेली मोरी वाटत असेल. फक्त मधला खराटा फ्लॅटमध्ये येताना सुटला.

शेवंती
गिरणगावकर, काय लिहिलंय! आमच्या गिरगावच्या खोलीची आठवण आली. मोरीच्या कोपऱ्यात नारळाची शेंडी आणि राखेची वाटी, अगदी डोळ्यापुढे उभं राहिलं.

बावनखणी
मी सासूबाईंच्या बाजूने लिहिते, दगड मारू नका.

पुण्यातल्या बहुतेक फ्लॅटमध्ये बेसिन कुठे असतं? संडास-बाथरूमच्या आत, कमोडपासून हातभर अंतरावर. आमच्या सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा म्हणाल्या, अगं संडासात उभं राहून तोंड कसं धुवायचं? त्यांच्या घरी संडास परसात, तिकडून आलं की हातपाय धुऊन घरात. त्यांच्या डोक्यात संडासाची खोली म्हणजे सगळ्यात अस्वच्छ जागा. तिथे ब्रश ठेवायचा, तो तोंडात घालायचा, कवळी तिथे ठेवायची, हे त्यांना इतकं किळसवाणं वाटायचं जितकं आपल्याला सिंकमधली चूळ वाटते. आपण कमोडशेजारी टूथब्रश ठेवून त्यांना स्वच्छता शिकवणार, हे जरा गमतीशीर नाही का?

शी धुणं मात्र मलाही पटलेलं नाही.

मृद्गंधा
@बावनखणी, हे डोक्यातच आलं नव्हतं. आमच्याकडे बेसिन दोन्ही टॉयलेटच्या आतच आहेत. बाहेर एकही नाही.

टवाळखोर
म्हणजे दोषी बिल्डर. धागा बंद करा.

पाना_पक्कड
बिल्डर लॉबीच्या वतीने (सिव्हिल इंजिनिअर आहे, बिल्डर नाही, हलके घ्या) दोन गोष्टी.

जुन्या बिल्डिंगमध्ये मागच्या डक्टमध्ये उभे पाइप बघा, बऱ्याच ठिकाणी दोन वेगळ्या लाइनी दिसतील. एक संडासाची, ती थेट चेंबरला जाते. दुसरी सिंक, बेसिन, न्हाणीची, ती खाली गली ट्रॅपमध्ये (जमिनीलगतचा जाळीचा खड्डा) पडते आणि मग चेंबरला. ही विभागणी उगीच केलेली नाही. त्यामुळे लंगोटातला ऐवज सिंकमध्ये घालणं हे घरच्यांना किळस येते म्हणून नको हे तर आहेच, पण ती लाइनच त्यासाठी नाही. जाळीत अडकून राहतं ते वेगळं.

दुसरं, सिंकखालचा जो वाकडा पाइप किंवा बाटलीसारखा ट्रॅप असतो त्यात कायम थोडं पाणी साठून राहतं. ते पाणी म्हणजे झाकण. ड्रेनेजचा वास आणि झुरळं वर येऊ नयेत म्हणून. महिनाभर घर बंद ठेवून गावाला जाता तेव्हा ते पाणी वाळतं आणि परत आल्यावर "घरात काहीतरी मेलंय" असं वाटतं. जाण्याआधी पाणी ओतून वर चमचाभर खाद्यतेल सोडा, पाणी लवकर वाळत नाही. जाळीवर वाटी उपडी घाला. आणि कृपा करून तो ट्रॅप काढून नुसता फ्लेक्झिबल पाइप भोकात खुपसणाऱ्या प्लंबरला घरात घेऊ नका. अर्ध्या पुण्यात हेच करून ठेवलंय.

निवांत_वाचक
वा, तेलाची युक्ती माहिती नव्हती. नोंदवून ठेवतो.

सूक्ष्मदर्शी
मी लॅबमध्ये काम करते, जंतूंशी रोजचा संबंध आहे, म्हणून थोडं सविस्तर.

या धाग्यातली किळस आणि प्रत्यक्ष धोका याची यादी मांडली तर दोन्ही याद्या जुळत नाहीत. घरातल्याच माणसाची चूळ, दात घासल्याचा फेस, कवळी धुतलेलं पाणी, हे बघायला कसंतरी वाटतं पण नंतर सिंक साबणाने धुतलं तर आजारी पडण्याची शक्यता फार नाही. (कवळी आमटीच्या वाटीत नको, सासऱ्यांना झाकणाची डबी आणून द्या. तो मायेचाही भाग आहे, त्यांनाही उघड्यावर ठेवायला आवडत नसेल.) घरात कुणाला कावीळ किंवा जुलाब-उलट्या चालू असतील तर मात्र वेगळं.

बाळाची शी हा खरा धोका. पोटाचे बहुतेक विकार शीतून हातावर आणि हातावरून तोंडात असेच जातात, आणि लहान मुलांच्या शीमधून विषाणू मूल बरं दिसायला लागल्यावरही काही दिवस बाहेर पडत असतात. तिथे मृद्गंधाचं शंभर टक्के बरोबर. फक्त गरम पाण्यावर विसंबू नका, आधी साबणाने घासून घाण काढायची, मग पाणी.

आणि ज्याची अजून कुणालाच किळस आलेली नाही ते दोन मोठे आरोपी. एक, नळाखाली धरून धुतलेलं कच्चं चिकन. दोन, सिंकच्या कडेला कायम ओली पडलेली घासणी. जर्मनीत २०१७ साली वापरलेले १४ स्पंज तपासले होते, त्यात जंतूंची इतकी दाटी होती की विचारू नका, आणि ज्यांनी स्पंज अधूनमधून निर्जंतुक केला होता त्यांच्याकडेही संख्या कमी निघाली नाही. त्यातले सगळे जंतू रोगकारक असतात असं अजिबात नाही, पण ज्या वस्तूने आपण भांडी "स्वच्छ" करतो तीच घरातली सगळ्यात गजबजलेली वस्तू असते.

खवय्या
थांबा थांबा. चिकन धुवायचं नाही??? हे मी ऐकून घेणार नाही.

सूक्ष्मदर्शी
नळाखाली नको म्हटलं. ब्रिटनच्या अन्न खात्याने २०१४ मध्ये यावर मोहीमच काढली होती. कच्च्या कोंबडीवर कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जीवाणू असतो, नळाच्या धारेने त्याचे तुषार ओट्यावर, शेजारच्या कोथिंबिरीवर, तुमच्या बाहीवर उडतात. धुऊन तो जात नाही. शिजवून जातो, आतपर्यंत ७४ अंश सेल्सिअसला.

खवय्या
अहो ब्रिटनमध्ये कोंबडी साफसूफ होऊन पाकिटात येते. आमच्याकडे दुकानदार समोर कापतो, त्याच लाकडाच्या ठोकळ्यावर, त्याच सुऱ्याने, पिसं चिकटलेली, हाडाचा भुगा, रक्त. ते तसंच पातेल्यात टाकू? माझी आई तीन पाण्यातून काढून हळद-मीठ लावून पुन्हा धुवायची. ब्रिटनच्या खात्याने आमच्या शिवाजीनगरच्या दुकानात येऊन बघावं एकदा.

गिरणगावकर
खवय्यांशी सहमत. न धुतलेल्या चिकनचा रस्सा माझ्या घशाखाली उतरणार नाही, जंतू असोत नसोत.

सूक्ष्मदर्शी
बरं, मधला मार्ग. मोठ्या पातेल्यात पाणी घ्या, चिकन त्यात हलक्या हाताने खळबळा, पाणी सिंकमध्ये अलगद जाळीजवळ ओता. धार नाही, तुषार नाहीत. आजूबाजूला आधीच काही ठेवू नका. झालं की सिंक, नळाची तोटी आणि हात साबणाने. तोटी सगळेच विसरतात, चिकनच्या हातानेच नळ बंद केलेला असतो.

खवय्या
हे जमेल. तोटीचं पटलं.

माडाखाली
गोंयकाराचे दोन शब्द. आमच्याकडे मासे घरात धुवायची पद्धतच नव्हती. घरामागे माडाच्या मुळाशी दगड, तिथे आई अडोळीवर (विळीवर) बसून बांगडे साफ करणार, खवले-आतडी कुणाला द्यायची ते ठरवायला तीन मांजरं हजर, आणि माशांचं पाणी सगळं माडाला. आता पर्वरीला फ्लॅटमध्ये राहतो, माड नाही, मांजर नाही, आहे फक्त सिंक. तिसऱ्या धुतल्या की वाळू ट्रॅपमध्ये जाऊन बसते, खवले जाळीला चिकटतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहाला सुंगटांचा (कोळंबीचा) वास. पाना_पक्कड साहेब, यावर काही?

पाना_पक्कड
सिंकमध्ये टब ठेवून त्यात धुवा, पाणी गाळून ओता, गाळ कचऱ्यात. बाटलीट्रॅप असेल तर खालचं बूड हाताने फिरवून निघतं, खाली बादली धरा आणि महिन्यातून एकदा साफ करा. आत जे दिसेल ते बघून जेवण जाणार नाही, तेव्हा जेवणानंतर करा.

शेवंती
माशांच्या वासाला चिंचेचा चोथा किंवा आगळ काढल्यावर उरलेली कोकमं सिंकला चोळा. आंबटाने वास मरतो.

थेम्सकाठी
लंडनहून. इथे वेगळीच तऱ्हा. बऱ्याच इंग्रज घरांमध्ये सिंकमध्ये प्लास्टिकचा टब असतो, त्यात गरम पाणी, साबण, आणि सगळी भांडी त्या एकाच पाण्यात. आधी ग्लास, मग ताटल्या, शेवटी तव्याबिव्याचं तेलकट. इथपर्यंत ठीक. पण मग भांडं त्या फेसातून काढतात आणि तसंच, फेसासकट, जाळीवर निथळत ठेवतात! पाण्याने विसळणं नाही. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं ही बाई विसरली. नंतर कळलं की विसरली नव्हती, बऱ्याच घरी असंच करतात. कोरड्या फडक्याने पुसायचं की झालं.

माझी आई इथे आली तेव्हा शेजारणीने चहाला बोलावलं. आईने कप हातात घेतला, हुंगला आणि "मला उपास आहे" म्हणाली. गुरुवार नव्हता, एकादशी नव्हती. अजूनही त्या उपासाचं नाव आम्हाला कळलेलं नाही.

टवाळखोर
लिक्विड चतुर्थी.

निवांत_वाचक
😂😂 ह्या प्रतिसादासाठी धागा काढल्याचं सार्थक झालं.

एडिसनकर
अमेरिकेत अजून वेगळं. सिंकच्या भोकात खाली दळणयंत्र. १९२७ साली विस्कॉन्सिनमधल्या एका आर्किटेक्टने बनवलं, आणि न्यूयॉर्क शहरात १९९७ पर्यंत घरात लावायला बऱ्याच भागांत बंदीच होती, ड्रेनेजला झेपणार नाही म्हणून. ते असलं की माणसं खरकटं खुशाल सिंकमध्ये ढकलतात, अर्धी पोळी, वरण, सगळं, आणि बटण दाबतात. आपल्या लोकांचा घोळ असा की भात आणि बटाट्याची सालं. भात पाइपात जाऊन फुगतो, सालांची खळ होते. गणपतीत आमच्याकडे तीस-चाळीस पानं जेवली, उकडीच्या मोदकांची पारी खरवडून कुणीतरी सिंकमध्ये ढकलली आणि आरतीला सिंक तुंबलं. सगळे टाळ वाजवतायत आणि मी ओट्याखाली आडवा.

पाना_पक्कड
उकड म्हणजे पाइपासाठी गिलावाच.

कऱ्हाकाठ
मला वेगळाच मुद्दा मांडायचाय आणि तो कुणाला आवडणार नाही बहुतेक. इथे सगळे आपल्या किळसेबद्दल लिहितायत. त्या सिंकमध्ये हात कुणाचा जातो? आमच्या सोसायटीत निदान ऐंशी टक्के घरी भांड्याला मावशी येतात. रात्रीची ताटं तशीच, वाळून कडक झालेली, त्यात चहाचा चोथा, त्यात कुणाची तरी चूळ, त्यात हाडं. सकाळी मावशी येणार आणि त्या गार पाण्यात कोपरापर्यंत हात घालणार. त्यांच्या बोटांच्या बेचक्या बघितल्यात कधी? कायम ओल्या, चिखल्या झालेल्या. आणि त्याच घरात मावशींना हात धुवायला बाथरूममधलं बेसिन वापरायची परवानगी नसते. मृद्गंधा, तुमच्याकडे मावशी येत असतील तर त्यांना विचारा काय काय चालतं ते. त्यांचं मत इथल्या सगळ्यांपेक्षा जास्त खरं असेल.

बावनखणी
अगदी. माझा नियम एकच आहे, खरकटं काढून, भांडं विसळूनच सिंकमध्ये जाणार. पाहुणा असो नाहीतर यजमान.

जुनाजाणता
मुद्दा बरोबर, सूर जरा चढा. सगळ्याच घरी मावशींना असं वागवत नाहीत. आमच्या मावशी ड्राय बाल्कनीत पाटावर बसून भांडी घासतात, त्यांना उभ्याने जमत नाही, गुडघ्यांचा त्रास उलटा वाढतो म्हणतात. सिंक त्या वापरतच नाहीत.

कऱ्हाकाठ
सूर चढा आहे कारण विषय तसा आहे. असो.

लातूरचा_पाहुणा
तुमचं सगळं वाचून हसू येलंय मला. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं आमच्या गावाला, आठवतंय का कुणाला? त्या वर्षी आमच्या घरचा सिंकचा नळ कोरडाच होता, वर कपडा बांधून ठेवला होता आईनं. भांडी आधी कोरड्या राखेनं घासायची, फडक्यानं पुसायची, मग तांब्याभर पाण्यात एकामागून एक बुचकळायची. ते पाणी फरशीला, फरशीचं पाणी संडासात. ताटात जेवण संपलं की ताटातच हात धुवायचा, तेच पाणी ताट विसळायला. आता पुण्यात आलो तरी ताटात हात धुतल्याशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही आणि रूममेट ओरडतोय.

रेवाकाठ
ताटात हात धुणं!! माझा सगळ्यात मोठा राग. बाकीचे जेवतायत आणि हा माणूस ताटात चूळ पण भरतो वर.

लातूरचा_पाहुणा
चूळ नाही भरत ताई. फक्त हात.

शेवंती
आमच्याकडे ताटात हात धुणं अन्नाचा अपमान. माझ्या मामाकडे मात्र ताटाभोवती पाणी फिरवून हात धुतल्याशिवाय कुणी उठायचंच नाही, आणि मामी म्हणायची की खरकट्या हाताने घरभर थेंब सांडत बेसिनपर्यंत जाणारे तुम्ही कुठले स्वच्छ. दोन सख्खी भावंडं, दोन घरं, दोन नियम.

थेम्सकाठी
मामींचा मुद्दा बिनतोड आहे हो.

वऱ्हाडी_ठेचा
बाप्पा, किती तो विचार! आमच्या अकोल्याले सिंकात पाय बी धुतात माणसं. (हलके घ्या, एकच काका आहेत तसे.)

रेवाकाठ
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

टवाळखोर
@रेवाकाठ, काय लिहिलं होतं ते काकांना कळवू का?

मृद्गंधा
सगळ्यांना धन्यवाद, इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. थोडी खबरबात.

बावनखणींचं वाचून मी सासूबाईंना सरळ विचारलं की तुम्हाला बाथरूममधल्या बेसिनवर दात घासायला आवडत नाही का. त्या एकदम म्हणाल्या, "तिथे? कमोडसमोर? मला उमासे येतात." म्हणजे आम्ही दोघी एकाच घरात एकमेकींना येणाऱ्या उमाशांवर गप्प बसलो होतो. आता ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनशेजारी छोटं बेसिन बसवायचं ठरलंय, इनलेट-आउटलेट दोन्ही तिथे आहेच. सासऱ्यांना झाकणाची डबी आणली, त्यांनी ती ताबडतोब उचलून स्वतःच्या उशाशी नेली, त्यांनाही ते उघड्यावर ठेवणं नकोच होतं, कुणी विचारलं नव्हतं इतकंच.

शी प्रकरण अजून मिटलेलं नाही. त्यांचं म्हणणं, बाथरूममध्ये पोराला वाकून धुताना त्यांची कंबर धरते आणि सिंक बरोबर उंचीवर येतं. हे खोटं नाही. पण मी नाही म्हटलंय आणि त्या "बघू" म्हणाल्यात. नणंद दिवाळीत पुन्हा येणार आहे.

आणि हो, कऱ्हाकाठ, मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, "चूळबीळ जाऊ दे, ते दुधाचं पातेलं भिजत घालत जा तेवढं."

कऱ्हाकाठ
😀 मावशींना नमस्कार सांगा.

सूक्ष्मदर्शी
कंबरेचा मुद्दा खरा आहे. बाथरूममध्ये स्टुलावर बसून, बाळाला मांडीवर पालथं घेऊन हँडशॉवरने धुतात, वाकावं लागत नाही. बसलेल्या उंचीला नळ असेल तर मगानेही जमतं.

बावनखणी
किंवा नणंदेलाच धुवायला लावा. पोरगं तिचं आहे.

रेवाकाठ
+१००

निवांत_वाचक
मूळ विषय मार्गी लागला असेल तर एक विचारू? घासणीला पर्याय काय मग? स्पंज नको तर तारेची?

सूक्ष्मदर्शी
मुद्दा वाळण्याचा आहे. स्पंज आतून कधी वाळतच नाही. भांडी घासायचा ब्रश किंवा जाळीची घासणी लवकर वाळते, वाळलं की बरेच जंतू मरतात. काहीही वापरा, पण रात्री पिळून उभं किंवा टांगून ठेवा, साबणाच्या त्या पाणी साठलेल्या डबीत नको. स्पंजच हवा असेल तर दर आठवड्याला बदला.

माडाखाली
नारळाची शेंडी! फुकट, वाळते, आणि कंटाळा आला की चुलीत. सोडण घरी पडलेली आहेत तेवढी कुणाला हवी असतील तर सांगा, पर्वरीहून घेऊन जा.

शेवंती
नॉनस्टिकला शेंडी लावू नका फक्त. माझ्या सुनेचा तवा गेला.

एडिसनकर
तुंबलेल्या सिंकसाठी तो व्हिडिओतला खायचा सोडा आणि व्हिनेगर खरंच चालतो का? इकडे सगळे तेच सांगतात.

पाना_पक्कड
फसफसतं छान, बघायला मजा येते. पण आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारतात, उरतं ते जवळजवळ खारट पाणी. तेलाच्या थराला त्याने काही होत नाही. पाइप साधा पीव्हीसीचा असेल तर उकळतं नको, चांगलं गरम पाणी, भांड्याचं लिक्विड आणि रबरी पंप, बास. मुळात कढईतलं उरलेलं तेल, तुपाची बेरी सिंकमध्ये ओतूच नका, कागदाने पुसून कचऱ्यात टाका. तूप पाइपात थिजतं, थंडीत तर लगेच.

वऱ्हाडी_ठेचा
कॉस्टिक सोडा टाकला तं? आमचा प्लंबर तेच ओततो.

पाना_पक्कड
काम करतो, पण जपून. पाण्यात पडला की भयंकर तापतो, पीव्हीसीचे सांधे ढिले होतात, डोळ्यात उडाला तर दवाखाना. ॲल्युमिनियमला तर तो खातो आणि वर हायड्रोजन सोडतो, तेव्हा सिंकमध्ये कढई, झारा काही नको. आणि त्यावर लगोलग बाथरूमचं ॲसिड किंवा ब्लीच ओतायची हौस करू नका. ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो, बंद स्वयंपाकघरात तो जिवावर बेतू शकतो.

वऱ्हाडी_ठेचा
काकाले सांगतो आधी पाय बाहेर काढा म्हणून.

निवांत_वाचक
@माडाखाली, पुढच्या महिन्यात पणजीला येतोय. सोडणं ठेवा माझ्यासाठी, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

माडाखाली
या. दुपारी आलात तर हुमण (माशांची आमटी) पण आहे.